कवटीचं कव्हर

परवा कपाटात हेवी मेटलच्या जुन्या कॅसेटचं लाल कव्हर सापडलं. त्यावर कवटी आहे. मी ती कॅसेट अकोल्याहून आणली, त्याच महिन्यात शेजारचा माझ्या वयाचा पोरगा फवारणीचं औषध पिऊन गेला होता. वडील ओरडतील म्हणून मी आतून कडी लावली आणि हेडफोन घालून ऐकत बसलो. कव्हर ओट्यावरच राहिलं. आईला वाचता येत नव्हतं, पण औषधाच्या डब्यावरची कवटी ती ओळखायची. ती दार बडवत राहिली, मला काहीच ऐकू आलं नाही. शेवटी वडिलांनी कुऱ्हाडीनं कडी तोडली. आईनं गाल दाबून माझ्या तोंडाचा वास घेतला. “काय पेलं? सांग मले.” मी हेडफोन तिच्या कानाला लावला. “हे ऐकून राहिला होता?” म्हणत ती मटकन खाली बसली. त्या बँडचे बाकीचे अल्बम मी पुढे जमवले, पण ते ऐकताना दाराला कडी लावत नाही.