दहापैकी दहा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. अकरा वर्षांत कितीदा तोंडाशी आलं आणि मी विषय बदलला. आज सांगतो — पण एका दमात सांगता येईल असं वाटत नाही. हे आठवलं की मला एका जागी बसवत नाही.

मी सावनेरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. रक्ताचा धडा दर वर्षी येतो. हाडांच्या पोकळीत मऊ मज्जा असते, तिच्यातल्या मूळ पेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स — सगळ्या तयार होतात. मज्जा थोडी काढली तर काही आठवड्यांत भरून येते. हे मी पोरांना फळ्यावर चित्र काढून शिकवलेलं आहे. म्हणजे, मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

माझा दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होता. बाबा गेले तेव्हा मी सहावीत होतो. “तू शीक, बाकीचं मी पाहतो,” एवढंच तो म्हणाला होता, आणि पाहिलंही.

आधी त्याच्या पायांवर निळे डाग दिसले. मग ब्रश करताना हिरड्यांतून रक्त. मग दुसऱ्या मजल्यावरच्या क्वार्टरपर्यंत चढताना तो मध्येच पायरीवर बसायला लागला. वहिनींना वाटलं, कामाचा शीण. नागपूरच्या दवाखान्यात रक्त तपासलं, तर तिन्ही प्रकारच्या पेशी फार कमी. मज्जा काढून बघायचं ठरलं.

त्या खोलीत मी होतो. दादा कुशीवर झोपलेला, कमरेच्या हाडात सुई. जागा बधिर केली होती, तरी मज्जा ओढली तेव्हा त्याने माझा हात इतका आवळला, की बोटं पांढरी पडली. “आतून कोनी ओढून राहिलं असं वाटते गा,” तो म्हणाला. पोलादाच्या पाइपांशी आयुष्य काढलेला माणूस. मी बाहेर येऊन बेसिनमध्ये ओकलो.

कॅन्सर नव्हता. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं — मज्जा रिकामी होत चालली होती, पेशींच्या जागी नुसती चरबी. शरीराचे रक्षक मूळ पेशींवरच उलटले होते. रक्त चढवत राहता येईल, औषधं आहेत, पण सगळ्यात चांगला उपाय म्हणजे सख्ख्या भावंडाची मज्जा. जुळली तर.

आमच्या बहिणीची, ताईची, जुळली नाही. मग माझं रक्त तपासायला गेलं. रिपोर्टसाठी बाईंनी मला एकट्यालाच बोलावलं. दात्याशी आधी एकट्याने बोलायचं, अशी त्यांची पद्धत होती. त्या हसत होत्या. दहापैकी दहा खुणा जुळल्या, म्हणाल्या. पूर्ण भूल देऊ, कमरेच्या हाडातून मज्जा काढू, दोन दिवसांत घरी. काही दिवस कंबर दुखेल.

मी काय विचारलं असेल? दादा किती वाचेल? — नाही. मी विचारलं, “मला काही झालं तर?”

मग मी नाही म्हणालो.

वेळ घ्या, म्हणाल्या. दोन दिवसांनी गेलो, तेव्हाही नाहीच म्हणालो. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर — कोण जाणे. “जबरदस्ती कुणावरच करता येत नाही,” त्या म्हणाल्या. “घरच्यांना मी एवढंच सांगेन, की घरात योग्य दाता नाही. कारण सांगणार नाही.”

कारण मी सांगितलं. दादा खाटेवर बसून संत्रं सोलत होता. मी म्हणालो, “जुळलं नाही.” वहिनी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आणि दादाने — तो आजारी, मी धडधाकट — अर्धं संत्रं माझ्या हातात दिलं. “मनाले लावून नको घेऊ. जुळनं का आपल्या हातात असते?”

मी ते संत्रं खाल्लं.

घरच्यांपैकी कुणी अडवलं होतं का? नाही. माझ्या बायकोला तर विचारलंच नव्हतं. ती हो म्हणाली असती. मी घाबरलो होतो. सुईला, भुलीला, स्वतःच्या मरणाला. एवढंच.

औषधांनी थोडा गुण आला. तीन महिने तो कामावरही जाऊन आला. मग पेशी पुन्हा घसरल्या. बाई मला व्हरांड्यात भेटल्या, “अजून वेळ आहे,” म्हणाल्या. मी मान हलवली आणि त्यानंतर दवाखान्यात त्यांची वेळ चुकवून जायला लागलो. पांढऱ्या पेशी नसलेल्या शरीराला साधा संसर्गही झेपत नाही. दादाच्या छातीत बुरशी झाली. तो गेला, तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. माझी मज्जा मिळून तो वाचलाच असता, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. ह्या वाक्याच्या आडोशाला मी बरीच वर्षं बसलो.

वहिनी आता नागपुरात सक्करदऱ्याला राहतात. दादाची मुलगी तेजल बावीस वर्षांची आहे. कॉलेजात तिने मूळ पेशी दान करणाऱ्यांच्या यादीत नाव दिलं होतं, मला न सांगता. ह्या वर्षी कुण्या अनोळखी रुग्णाशी तिचं जुळलं. तिचा फोन आला, “काका, मले जरा भेव वाटते. तुम्ही चालान संगं?”

गेलो. मूळ पेशी मज्जेतून रक्तात उतराव्यात म्हणून तिने चार-पाच दिवस इंजेक्शनं घेतली, अंग दुखलं तिचं. मग एका सकाळी दोन्ही हातांना नळ्या लावून ती चार तास पडून राहिली. रक्त एका हातातून यंत्रात जात होतं, मूळ पेशी गाळून दुसऱ्या हातात परत येत होतं. मी बाहेर येरझाऱ्या घातल्या. नर्सने दोनदा बसायला सांगितलं.

मी तिला गाडीतून घरी नेत होतो. सिग्नलला म्हणाली, “बाबांच्या वेळी तुमचं जुळलं असतं, तं तुम्ही पळत गेले असते, नाई काका?”

तिच्या दोन्ही हातांना अजून पट्ट्या होत्या. सांगायची हीच वेळ होती, ते मला कळत होतं. गाडीत दोघंच होतो.

मी “हो” म्हणालो.