कुमुदताईची किनार

झाशीतल्या आमच्या मराठी मंडळाची जुनी पेटी काल उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी कुमुदताई डोळ्यांपुढे उभी राहिली.

कुमुदताई माझी थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. गणेशोत्सवातल्या झाशीच्या राणीवरच्या नाटकात राणीच्या शेल्याला लावायची जरीची किनार तिने हाताने विणली. दोऱ्यांचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं स्वतःच्या कमरेला आणि मध्ये भोकं पाडून ओवलेले खेळायचे पत्ते. ते फिरवले की वीण पुढे सरके. "मध्ये येऊ नकोस," ती हसायची, "राणीचं राज्य कमरेला बांधलंय!"

नाटकाआधी मंडळातल्या एक काकू माझ्या कानाशी लागल्या. "भैया, शेल्याला हळदकुंकू वाहायचंय. विधवेने विणलंय, असं सांगू नका." मग मी माइकवरून सांगितलं, की किनार माझ्या बायकोने विणली. टाळ्या पडल्या. ताईनेही वाजवल्या.

घरी परतताना तिने विचारलं, "राणी तरी कुठे सवाष्ण होती रे?"

आता ताई नाही, बायकोही नाही.

काल पेटीतून तो शेला निघाला, तेव्हा मी सगळ्यांना खरं सांगितलं. "अच्छा, ताईंनी विणली होय," म्हणत ते पुढच्या कामाला लागले. इतकं सोपं होतं ते.