सिस्टरच्या कोटाचं तिसरं बटण

आमच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरच्या पांढऱ्या कोटाला तिसरं बटण कधीच नसायचं. वरची दोन असायची, खालची दोन असायची, मधलं गायब. साहेबांनी यावरून तिला दोनदा लेखी समज दिली होती. विषय : 'गणवेशातील त्रुटी'. खाली पाच जणांना प्रत माहितीसाठी. एका बटणाची माहिती पाच जणांना कशाला, असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. मी तिथे टंकायला होतो, मी टंकली.

सिस्टरचं काम घरोघर फिरायचं. जे आपल्या पायांनी दवाखान्यात येतात त्यांच्यासाठी डॉक्टर. जे येत नाहीत, येऊ शकत नाहीत, किंवा ज्यांना घरचेच दाराबाहेर काढत नाहीत, ते सगळे सिस्टरचे. एकोणतीस घरं, एक कापडी पिशवी, एक छत्री. मूळची ती मोठ्या इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत होती. तिथे एका नामांकित सर्जनला तिने भर टेबलाशी विचारलं, "हात धुतलेत का?" पुढच्याच आठवड्यात तिची बदली झाली. सर्जनने हात धुतले होते की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण सिस्टरच्या मागे मात्र तो हात धुऊन लागला. त्याला आता सोळा वर्षं झाली.

घरात शिरल्यावर ती "कसं वाटतंय?" असं कधी विचारत नसे. "कसं वाटतंय विचारलं की माणूस 'बरंय' म्हणतो," ती म्हणायची. "जीभ आपोआप वळते. तिरडीवरच्याला विचारलं तरी बरंय म्हणेल." त्याऐवजी ती दाराबाहेरच्या चपला बघायची, दोरीवरचे कपडे बघायची, पाण्याच्या माठावर झाकण आहे का बघायची. एका घरात बोलणं सोडून दिलेली मुलगी होती. तिच्या कंगव्यात नवे केस अडकलेत का, म्हणजे आज तिने केस विंचरलेत का, एवढंच बघून सिस्टर निघून यायची आणि वहीत लिहायची, 'चांगली आहे'. साहेबांना हे अशास्त्रीय वाटे. साहेब रुग्णांना कधी भेटत नसत, त्यामुळे रुग्णांबद्दलची त्यांची मतं फार स्वच्छ होती.

एकोणतिसातलं एक घर टेलरमास्तरांचं. पुढे दुकान, मागे खोली. मास्तरांचा डावा पाय लहानपणापासून बारीक, मशीन उजव्यावर चालायचं. त्यात पस्तिशीनंतर त्यांच्या कानात दोन माणसं बोलायला लागली, आणि त्या दोघांना गप्प करायला मास्तरांनी दारू धरली. आमच्या फॉर्मवर तीन चौकटी होत्या : अपंगत्व, मानसिक आजार, व्यसन. खाली सूचना : 'कोणत्याही एकाच चौकटीत खूण करावी.' म्हणजे माणसाला आजारी पडायचंच असेल तर त्याने एका वेळी एकाच खात्याकडे पडावं. सिस्टरने मधल्या चौकटीत खूण केली होती, कारण घरी जाऊन इंजेक्शन देणं फक्त त्या चौकटीला लागू होतं. पायाला घरभेट नव्हती. पाय स्वतःच चालत येईल, असा हिशोब असावा.

महिन्यातून एकदा इंजेक्शन, आणि दर मंगळवारी नुसती भेट. मास्तरांचा हात थरथरतोय का, हे तिला बघायचं असे. दारू झाली तरी हात थरथरतो, औषध जास्त झालं तरी थरथरतो. पण 'हात पुढे करा' म्हटलं की मास्तरांचं तोंड चोरासारखं व्हायचं. म्हणून मंगळवारी केंद्रातून निघतानाच सिस्टर स्वतःच्या कोटाचं तिसरं बटण पिळून तोडायची आणि दुकानात शिरायची.

"मास्तर, तुटलं बघा परत."

"सिस्टर, तुम्ही बटणं खाता का हो?"

"तुम्हीच कच्चं लावता. टाका नीट घाला."

मास्तर सुई घ्यायचे, दोरा ओवायचे. एका झटक्यात गेला तर सिस्टर चहा प्यायची. तीनदा चुकला तर चहा न पिता मास्तरांच्या बायकोला म्हणायची, "वहिनी, जरा बाहेर या." मंगळवारी संध्याकाळी बटण जागेवर असायचं, आठवडाभर ती कोट घालायचीच नाही, आणि पुढच्या मंगळवारी ते परत तुटायचं. साहेब पाहणी करायचे ती नेमकी मंगळवारी सकाळी, ती निघायच्या वेळी.

असे चौदा महिने दोरा पहिल्या झटक्यात गेला. तेवढ्यात वरून पत्र आलं : समिती भेटीला येणार आहे, पूर्ण बरा झालेला एक रुग्ण सादर करावा. साहेबांनी यादी मागवली, बोट फिरवलं आणि मास्तरांवर ठेवलं.

"चौदा महिने दारू नाही, दाखल नाही. बरा झाला. प्रमाणपत्र द्या आणि केस बंद करा."

"साहेब, तो बरा आहे कारण मी जाते," सिस्टर म्हणाली. "केस बंद झाली की घरभेट बंद. मग इंजेक्शनला त्याने मोठ्या इस्पितळात रांगेत उभं राहायचं."

"सगळेच राहतात रांगेत."

"सगळ्यांच्या कानात दोन माणसं बोलत नाहीत. मागे एकदा पाठवला होता. अर्ध्या रांगेतून निघून गेला. तीन दिवसांनी गुत्त्याच्या पायरीवर सापडला, एक चप्पल पायात."

"सिस्टर," साहेब समजूतदारपणे म्हणाले, "रुग्ण बरे व्हायचेच नसतील तर आपण आहोत कशाला?"

सिस्टर माझ्या टेबलाशी येऊन बसली आणि माझा चहा पिऊन टाकला.

मंगळवारी तिने मास्तरांना सगळं स्पष्ट सांगितलं. गंमत म्हणजे वहिनींना आनंद झाला.

"द्या की कागद! गल्लीत सगळे 'वेड्याचं दुकान' म्हणतात. आल्टर करायलासुद्धा कोणी येत नाही. काचेत घालून लावीन दारावर, बरा झालेला माणूस आहे म्हणून."

"वहिनी, कागद आला की मी येणार नाही."

"तुम्ही पाहुण्या म्हणून या ना."

"पाहुणीच्या पिशवीत इंजेक्शन नसतं."

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. "अहो, तुम्ही बोला काहीतरी. तुमच्याबद्दल चाललंय."

मास्तर दाताने दोरा तोडत म्हणाले, "मला कोण विचारतंय? आधी ते दोघं बोलायचे, आता तुम्ही दोघी."

समितीच्या दिवशी केंद्राला रंग दिला होता, समोरच्या भिंतीलाच. मास्तर इस्त्रीच्या शर्टात, वहिनी पहिल्या रांगेत, टेबलावर फुलांचा गुच्छ आणि प्रमाणपत्र, सहीची जागा रिकामी. मास्तरांचं भाषण मी टंकलं होतं. त्यात 'साहेबांच्या मार्गदर्शनाखाली' हे शब्द सहा वेळा होते. आणि वार मंगळवार. सिस्टर सवयीने तिसरं बटण तोडूनच आली.

समितीच्या अध्यक्षांचं लक्ष पहिलं तिकडेच गेलं. "तुमच्या स्टाफच्या कोटाला बटण नाही?"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला, मग एकदम उजळला. "मुद्दाम, सर! प्रात्यक्षिक! आमचा बरा झालेला रुग्ण आत्ता आपल्यासमोर बटण लावून दाखवील!"

सोळा वर्षांत साहेबांना सुचलेली ही पहिली चांगली कल्पना.

मास्तरांनी कॉलरच्या आतून सुई काढली. दोऱ्याचं टोक ओलं केलं. सिस्टरकडे बघितलं. मग टेबलावरच्या प्रमाणपत्राकडे, मग बायकोकडे. दोरा सुईच्या बाजूने गेला. परत ओला केला. परत बाजूने. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. हॉलमध्ये खुर्ची करकरली तरी ऐकू येत होतं. "घाई नाही, घाई नाही," असं साहेब घाईघाईने म्हणत होते. सातव्यांदा दोरा चुकला तेव्हा वहिनींनी कपाळावर हात मारला आणि अध्यक्षांनी पेनाला टोपण लावलं.

"या रुग्णाला अजून मदतीची गरज दिसते," ते म्हणाले. "केस चालू ठेवा. आणि असं करा, याला शिलाईकामाच्या प्रशिक्षणाला पाठवा. किमान सुईत दोरा ओवायला शिकेल."

सत्तावीस वर्षं कपडे शिवणारा माणूस मान खाली घालून म्हणाला, "हो सर. शिकतो."

पुढच्या मंगळवारी एक इंजेक्शनही द्यायचं होतं. वहिनींनी कप असा आपटला की चहा बशीत आला.

"चांगला कागद हातातोंडाशी आला होता, घालवला!"

"हात थरथरला ग," मास्तर म्हणाले आणि बायकोच्या डोळ्यात डोळे घालून, सुईकडे न बघता, दोरा ओवला. एका झटक्यात.

सिस्टरने कप उचलला. "मास्तर, लाज नाही वाटली? चारचौघांत मला खोटं पाडलंत. मी चौदा महिने लिहितेय, हात स्थिर."

"मग आता लिहा, अस्थिर."

"मी खोटं लिहीत नाही."

"लिहू नका. त्यांनी डोळ्यांनी बघितलंय."

तिने बाही वर करायला सांगितलं आणि इंजेक्शन नेहमीपेक्षा जरा जोरातच टोचलं, असं मास्तर अजून सांगतात.

प्रशिक्षणाला मास्तर दोन महिने गेले. तिथली सहा मशीनं बंद होती, ती त्यांनी दुरुस्त केली. शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना 'होतकरू' असा शेरा दिला. प्रशिक्षणाला निवड झाल्याचं पत्र गोल शिक्क्यासह आलं होतं, ते वहिनींनी काचेत घालून दारावर लावलं. गल्लीतले लोक शिक्का वाचतात, मजकूर कोण वाचतो? गिऱ्हाईक परत यायला लागलं. मागच्या महिन्यात तर साहेबांनीच पँट आल्टर करायला पाठवली. कंबर वाढली होती.

सिस्टरला तिसरी लेखी समज मिळाली. मीच टंकली. या वेळी प्रती आठ जणांना होत्या. ती घेऊन सिस्टर माझ्या टेबलाशी उभी राहिली, वाचली, घडी करून पिशवीत टाकली. मग पिशवी चाचपून माझ्याकडे हात पुढे केला.

"बटण आहे का रे एखादं जास्तीचं? तोडून तोडून कापडच फाटायला आलंय."