विशेष प्रतिनिधीकडून

माझ्या फ्रेंचच्या बाई सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागात त्यांच्या मुलीच्या फ्लॅटमध्ये राहतात. मी बिशानला राहते आणि बँकेत नोकरी करते. पुण्यात शिकलेलं फ्रेंच पार गंजलं होतं, म्हणून दर शनिवारी त्यांच्याकडे जायला लागले. बाईंनी पॅरिसमध्ये आयुष्यभर सिनेमावर लिहिलं, त्यांची दोन पुस्तकं आहेत, हे मला त्यांच्या मुलीने सांगितलं. बाई स्वतःबद्दल बोलत नसत. मी पुस्तकं वाचली आणि त्यातलं एक मराठीत आणायचं ठरवलं.

अनुवाद करताना शंका निघायच्या आणि शंकांच्या निमित्ताने बाईंचं आयुष्य थोडं थोडं बाहेर यायचं. त्या एका सिनेमाच्या साप्ताहिकात टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. महोत्सवांत आशियातले सिनेमे सकाळी सकाळी दाखवले जायचे. तेव्हा मोठे समीक्षक झोपलेले असायचे. संपादक म्हणाले, तू जा आणि चार ओळी लिहून आण. बाई गेल्या आणि चार ओळींच्या जागी चार पानं घेऊन आल्या. ती छापली गेली, पण नाव न घालता. वर फक्त ‘विशेष प्रतिनिधीकडून’. असं वर्षानुवर्षं चाललं. पुढे संपादकांच्या निवडक लेखांचा जाडजूड ग्रंथ निघाला, त्यात ही पानंही होती, आता संपादकांच्या नावावर. बाईंनी नोकरी सोडली आणि पन्नाशी उलटल्यावर स्वतःचं पहिलं पुस्तक लिहिलं.

“तुम्ही भांडला नाहीत?” मी विचारलं.

“भांडले. लोकांना वाटलं, आमच्यात दुसरंच काहीतरी बिनसलं असेल. बाईमाणूस भांडली की तेच वाटतं.”

मग ते संपादकच सिंगापूरला आले. ऐंशीच्या पुढचे, जगभर मान असलेले. जुन्या आशियाई सिनेमांचा एक आठवडा होता, त्याचं उद्घाटनाचं भाषण त्यांचं. बाई म्हणाल्या, “चल. तो कसा म्हातारा झालाय ते बघू.”

आम्ही मागच्या रांगेत बसलो. भाषणात ते एका जुन्या सिनेमाबद्दल बोलायला लागले. त्यातली आई तांदूळ धुते, धुतलेलं पाणी फेकत नाही, दारातल्या रोपाला घालते. दिग्दर्शकाने दुष्काळ कुठेच दाखवला नाही, ते म्हणाले, फक्त हे पाणी दाखवलं. हे वाक्य मी चारच दिवसांपूर्वी मराठीत केलं होतं. ते बाईंच्या पुस्तकात होतं. सभागृहात टाळ्या वाजत होत्या. बाई पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर मी हात वर केला. म्हटलं, “तांदळाच्या पाण्याचं हे निरीक्षण तुमचं नाही. ज्यांचं आहे त्या इथे माझ्या शेजारी बसल्या आहेत.”

त्यांनी चष्मा सारखा करून मागे पाहिलं. बाईंना ओळखलं. हसले. “अरे वा, तू इथे? या माझ्याकडे टायपिस्ट होत्या. माझा लेख आधी छापून आलाय, यांचं पुस्तक नंतर. शिष्याने गुरूचं एखादं वाक्य उचललं तर मी रागावत नाही.”

लोक हसले, काहींनी वळून बाईंकडे कौतुकाने पाहिलं. आयोजकांनी माइक पुढे नेला. मी पुन्हा बोलायला उठले, तर बाईंनी मनगट धरून मला खाली बसवलं.

बाहेर फुटपाथवर आल्यावर त्या थांबल्या.

“मला विचारलंस?”

“बाई, तो माणूस सरळ सरळ…”

“तो कोण आहे ते मला माहीत आहे. मी इतकी वर्षं अशी जगले की कुणी मला चोर म्हणू शकलं नाही. आज त्याने तीनशे माणसांसमोर म्हटलं. तुझ्यामुळे त्याला संधी मिळाली.”

त्या टॅक्सीत बसून निघून गेल्या. मला त्यांचाही राग आला. घरी येऊन मी भांडी आपटत होते. नवरा म्हणाला, “अगं, त्यांची लढाई आहे, त्यांना लढू दे की.” मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाला, “आई, relax lah.” लढाई त्यांची, हे खरं. पण त्या टाळ्या वाजवणाऱ्या लोकांतली मी नाही, हे मला त्या क्षणी सांगायचं होतं आणि आजही वाटतं की सांगायलाच हवं होतं.

पुढचे काही शनिवार मी गेले नाही. मग बाईंचाच फोन आला. “सातवं प्रकरण झालं का?” एवढंच. मी गेले. त्या संध्याकाळचा विषय त्यांनी काढला नाही. मी म्हटलं, प्रस्तावनेत सगळं लिहिते, नावानिशी. बाई म्हणाल्या, “माझ्या पुस्तकात मी त्याला एक ओळसुद्धा देणार नाही. त्याने खूप जागा खाल्ली आहे.” मला पटलं नाही, पण या वेळी मी विचारलं होतं आणि उत्तर मिळालं होतं. प्रस्तावनेत मी फक्त बाईंबद्दल लिहिलं: ते सकाळचे सिनेमे, अंधारात पेन्सिलने लिहिणं, पन्नाशीनंतरची पुस्तकं.

तर पुण्याच्या प्रकाशकांनी मलपृष्ठाचा मजकूर पाठवला. पहिलंच वाक्य: ‘जगप्रसिद्ध संपादकांच्या तालमीत घडलेल्या…’ आणि पुढे त्यांचं नाव, बाईंच्या नावापेक्षा ठळक. कुठूनतरी इंटरनेटवरून उचललेलं. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन लावला.

“हे काढा.”

“मॅडम, त्यांना लोक ओळखतात. तुमच्या बाईंना इथे कोण ओळखतं? त्या नावाने पुस्तक उचललं जाईल.”

“मग छापू नका. मी अनुवाद परत घेते.”

ते बराच वेळ समजावत राहिले. माझा आवाज इतका चढला होता की खालच्या मजल्यावरचं दार उघडून कुणीतरी वर डोकावलं. शेवटी त्यांनी वाक्य काढलं. आनंदाने नाही.

पुस्तक आलं. मलपृष्ठावर बाईंचाच फोटो, बाईंचंच काम. ते फारसं खपत नाही, प्रकाशक मला दर वेळी ऐकवतात. बाईंना खपाची फिकीर नाही, त्या नव्या सिनेमावर लिहीत बसल्या आहेत. मी मात्र अजून त्या सभागृहावरून गेले की मान वळवून बघते आणि माझे दात आवळले जातात.