आमच्या दारातला रॅम्प

आमच्या गल्लीत दर निवडणुकीच्या आधी जुन्या रस्त्यावरच नवा रस्ता होतो. जुना आधी उकरायचा असतो, हे गुत्तेदाराला कुणी सांगत नाही. रस्ता चढत गेला आणि घरं जागच्या जागी खड्ड्यात गेली. शेवटच्या सिमेंट रस्त्यानंतर तर दारातून नाली ओलांडून गुडघाभर वर चढायची वेळ आली.

त्यातच आईच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, पण वॉकर घेऊन एवढं कोण चढणार? गल्लीच्या तोंडाशी बुद्धविहार. तिथे रोज संध्याकाळी तिच्या मैत्रिणी जमतात. वंदना थोडी, गप्पा फार. आई खिडकीतूनच त्यांना हाका मारत बसायची आणि मग रात्री न जेवता झोपायची.

गल्लीतल्या बाकी सगळ्यांनी नालीवर सिमेंटचे रॅम्प एका रविवारात उरकले. नगरपालिका बंद, वालूर गावचा मिस्त्री मोकळा. परवानगीचं नाव फक्त आमच्या बाबांनी काढलं. बाबा निवृत्त हेडमास्तर. त्यांनी अर्ज केला, नकाशा जोडला, घरपट्टीची पावती जोडली, आईचा एक्स-रेसुद्धा जोडला. शेजारचे एसटीतले रिटायर कंडक्टर म्हणाले, "गुरुजी, रॅम्प बांधायलात का विमानतळ?"

तीन महिने उत्तर नाही. शेवटी माझं डोकं फिरलं. बाबा सोनपेठला लग्नाला गेल्याचं पाहून मी त्याच मिस्त्रीला बोलावलं आणि रॅम्प बांधून टाकला. बाबा परतले तेव्हा आई रस्त्यावर उभी राहून त्यांची वाट बघत होती. तिला पाहून ते हसले. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नगरपालिकेला पत्र दिलं : 'सदर रॅम्प परवानगी येण्यापूर्वीच बांधण्यात आला आहे, कृपया नोंद घ्यावी.'

नोंद घेण्यात आली. महिन्याभरात जेसीबी दारात. मागोमाग जीपमधून उतरलेल्या नगरपालिकेच्या साहेबांच्या हातातल्या यादीत एकच नाव.

"अहो, गल्लीभर रॅम्प हायेत, आमचाच का?" मी ओरडलो.

"दिसायलेत ना. पण कागदावर तुमचा एकच हाय."

साहेबांपेक्षा मला बाबांचाच संताप आला. साहेब तसे भले माणूस. त्यांनी बाबांना बाजूला घेतलं. "गुरुजी, बाकीच्यांची नावं लिहून द्या. मग सगळ्यांना नोटिसा निघतील, सुनावणी होईल. तोवर तुमचाबी राहू द्या."

बाबांनी सवयीने खिशातून पेन काढलं. जीपच्या बॉनेटवर कोरा कागद पसरला होता. दारादारांत माणसं उभी होती. कंडक्टरसाहेबांचा चेहरा तिकीट हरवलेल्या प्रवाशासारखा झाला होता. बाबांनी एकदा खिडकीतल्या आईकडे पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं.

"मला माझंच माहीत हाय," ते म्हणाले. जन्मभर हजेरी घेतलेला माणूस!

रॅम्प फुटायला दोन मिनिटं लागली. मी चिडलेलो होतो आणि, खरं सांगायचं तर, बापाचा इतका अभिमान मला कधीच वाटला नव्हता. आई मात्र खिडकीतून उठून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

दुपारी अंगणात धाडधाड आवाज सुरू झाला. बघतो तर कंडक्टरसाहेब बनियनवर, हातात घण, आणि दोन अंगणांमधली कंबरभर भिंत अर्धी आडवी. बाबा धावले.

"अहो, अहो! सामाईक भिंत हाय! परवानगी लागती!"

"घ्या नोंद," म्हणत त्यांनी आणखी एक घाव घातला.

त्यांच्या बायकोने खराट्याने विटांचे तुकडे बाजूला लोटले. मी आईला उठवलं. वॉकर टेकत ती त्या भगदाडातून शेजारच्या अंगणात गेली आणि त्यांच्या रॅम्पवरून पावलापावलाने वर रस्त्यावर. तिथे दम खात तिने मागे वळून पाहिलं. बाबा अजून आमच्याच अंगणात उभे होते.

"तुमी बसा अर्ज लिहीत," ती म्हणाली. "मी चालले."

बाबा चपला शोधायला लागले.