मागच्या गिअरांचा राग

सानगडीचा ट्रक मिस्त्री खुशाल शेंडे जन्माचा रागीट नव्हता. अठ्ठ्याहत्तर सालच्या धानाच्या हंगामात त्याला जो राग आला, तो मात्र पुढे कधी पुरता उतरलाच नाही.

तोवर त्याने उघडलेल्या ट्रकांचे टायमिंग गिअर इंजिनाच्या तोंडाशीच असत. रेडिएटर काढला, पुढचं झाकण खोललं की कॅमशाफ्ट आणि डिझेल पंप फिरवणारे गिअर समोर. राईस मिलवाल्या मधुकररावांच्या नव्या ट्रकचे गिअर मात्र मागे, फ्लायव्हीलच्या जड चाकाला चिकटून. त्यातल्या एकाचा दात तुटला. तिथवर पोचायचं तर आधी गिअरबॉक्स उतरवायचा, मग क्लच, मग फ्लायव्हील.

"चेन-पुली भंडाऱ्याहून आनतो, मालक," खुशाल म्हणाला. "गिअरबॉक्स लय वजनी आहे."

"मंग माल कधी जाईन? जॅक लाव अन् उतरव."

खुशालने जॅक लावला. त्याच्याकडेच कामाला असलेला त्याचा साळा भोजराज खाली सरपटला. शेवटचा बोल्ट निघाला, जॅक सरकला आणि गिअरबॉक्स भोजराजच्या उजव्या हातावर बसला. दवाखान्यात बोटं काढावी लागली.

"कोन्या गाढवानं हे गिअर मागे घातले?" खुशाल घरात ओरडायचा. त्याची बायको रुखमा, भोजराजची बहीण, काहीच बोलायची नाही. त्याने तो आणखी भडकायचा.

पुढे कंपनीच्या इंजिनिअरने भंडाऱ्यात, आतलं दिसावं म्हणून कापलेलं इंजिन ठेवून मिस्त्र्यांचं शिबिर घेतलं. खुशाल भांडायलाच गेला.

"आमच्या मानसाचा हात गेला! कायले ठेवले गिअर मागे?"

इंजिनिअरही तापला, पण त्याला इंजिनापाशी घेऊन गेला आणि मधल्या लांब दांड्यावर, क्रँकवर, बोट ठेवलं. "प्रत्येक स्फोटाला क्रँक पिळवटते. पुढच्या मोकळ्या टोकाला हिसके जास्त बसतात. मागे जड फ्लायव्हील तिला आवरून धरतं, म्हणून तिथे गिअर शांत चालतात. उघडायला त्रास आहे, मान्य."

"मंग आमचा दात कसा तुटला?"

"जुन्या तेलात दात झिजतात, मग तुटतात. तेल कधी बदललं होतं?"

खुशालला आठवलं. त्या ट्रकच्या चेंबरमधून डांबरासारखं काळं तेल निघालं होतं. बदला म्हटलं की मधुकरराव दर वेळी म्हणायचे, पुढच्या फेरीले पाहू. खुशालच्या अंगाची आग झाली. इतके महिने तो लोखंडाला शिव्या घालत होता!

परतल्यावर तो सरळ मिलवर गेला आणि हमालांच्या देखत गरजला, "मालक, इंजिनात खोट नोहती. तुमच्या घाईत होती!"

"मीच त्याले दवाखान्यात नेलं ना?" मधुकरराव चिडले.

"नेलं. बोटं आनली का वापस?"

मिलचं काम त्याने त्याच दिवशी सोडलं. शेडमध्ये लोखंडी तुळई बसवून चेन-पुली टांगली. भोजराज डाव्या हाताने पाना धरायला शिकला. एकदा तोच म्हणाला, "भाऊजी, बस करा आता. हात माझा गेला, अन् जळून तुम्ही राहिले."

"तुले राग येत नाही," खुशाल म्हणाला, "म्हनून मले दुप्पट येते."

आणि बाहेर हॉर्न वाजवणाऱ्या ड्रायव्हरवर तो खेकसला, "घाई असन तं ने दुसरीकडे!"