तीन नंबरचीच लाईट

नगरच्या एमआयडीसीत नोकरीला लागले तेव्हा माझ्या गळ्यात स्टॉपवॉच असायचं आणि नाकाच्या शेंड्यावर राग. अख्ख्या कारखान्यात आम्ही दोनच बायका; दुसरी टेलिफोनवर बसायची. डिप्लोमा करून मी प्लॅनिंगला लागलेली. मशिनं किती चालतात, किती थांबतात हे बघायला शॉपमध्ये हिंडावं लागे, आणि मी आत पाऊल टाकलं की "आली घड्याळवाली" असं कुणीतरी पुटपुटायचंच. तोंडावर कुणी म्हणत नसे. म्हटलं असतं तर मी सोडलं नसतं.

पहिल्या दिवशी मला बसायला स्टूल दिलं ते तीन नंबरच्या काकांनी. गिअरचे दात पाडणारी तीन मशिनं आमच्याकडे एका रांगेत होती. त्यातलं शेवटचं, सगळ्यात जुनं मशीन काकांकडे. पन्नाशी ओलांडलेले, शांत. राहुरीकडच्या एका गावाहून रोज एसटीनं यायचे. त्यांनी स्टूल चिंधीनं पुसलं, वर पेपर अंथरला आणि म्हणाले, "बसा बाई. उभं राहून पाय भरून येत्यात." मी थँक्यूसुद्धा न म्हणता बसले. हसून बोललं की लोक डोक्यावर बसतात, असं तेव्हा मला वाटायचं.

त्या वर्षी आमचे साहेब पुण्याहून एक नवा हिशोब शिकून आले. मशीन किती कामी येतं ते एका आकड्यात सांगायचं. जितका वेळ चालायला हवं होतं त्यातला किती वेळ चाललं, चाललं तेव्हा पुरत्या वेगानं चाललं का, आणि निघालेल्या मालातला चांगला किती, या तिन्हींचा गुणाकार. हा गुणाकार मोठा निर्दयी. तिन्ही ठिकाणी दहापैकी आठ मिळाले तरी उत्तर निम्म्यावर येऊन बसतं. साहेबांना हे फार आवडलं होतं. मलाही आवडलं, कारण त्यात कुणाशी बोलावं लागत नव्हतं.

प्रत्येक मशीनला एक रजिस्टर टांगलेलं असे. मशीन कधी थांबलं, किती वेळ आणि का, हे ऑपरेटरनं त्यात लिहायचं. मी महिन्याभराची तिन्ही रजिस्टरं टेबलावर घेतली, प्रत्येकाचा वेगळा कागद केला आणि बेरजा मारल्या. एक आणि दोन नंबरवर नवीन लागलेले, अजून कायम न झालेले दोघे ऑपरेटर होते. त्यांची मशिनं छान चालली होती. तीन नंबर निम्म्याच्याही खाली. कारणाच्या रकान्यात काकांच्या ठसठशीत अक्षरात एकच गोष्ट पानभर: लाईट गेली. लाईट गेली. लाईट गेली. लाईट तेव्हा जायचीच, त्यामुळे मला त्यात वावगं काही दिसलं नाही. मी रिपोर्ट टाईप करून साहेबांना दिला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे तीन नंबर विकून टाकलं तरी चालेल," ते म्हणाले. "काम दोन मशिनांवर घेऊ. माणसाची बदली करू गुजरातच्या प्लांटला. नाही गेला तर राजीनामा. सोमवारी पत्र काढतो."

मी "हो सर" म्हटलं आणि बाहेर आले. काकांचं घर, शेताचा तुकडा, म्हातारी आई, सगळं राहुरीकडे. ते गुजरातला जाणार नाहीत हे कुणीही सांगितलं असतं. म्हणजे पत्र बदलीचं असलं तरी नोकरी गेलीच होती, आणि घालवली होती मी. मी स्वतःला समजावलं की आकडा म्हणजे आकडा, त्यात माझं काय. पण पुसून दिलेलं ते स्टूल काही डोळ्यांपुढून हलेना.

त्या संध्याकाळी भिंगारला घरी लाईट गेली. आई कणीक मळत होती. परातीपाशी बसूनच तिनं आवाज दिला, "बघ गं, आपलीच गेली की सगळ्यांची?" आमच्याकडे मेणबत्तीच्या आधी हा प्रश्न. आपलीच गेली तर फ्यूज, वायरमन, कटकट. सगळ्यांची गेली तर निवांत बसायचं. मी दारातून डोकावले. गल्लीभर अंधार. "सगळ्यांची गेलीय," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता दारातच थबकले. शॉपमधली तिन्ही मशिनं एकाच पॅनेलवर होती. मग तीन नंबरचीच लाईट कशी जात होती?

सकाळी रजिस्टरं शेजारी शेजारी मांडली. एक आणि दोनची लाईट गेली तेव्हा तीनचीही गेली होती. पण तीनची त्याशिवायही कितीतरी वेळा गेली होती, एकटीची. मी तीन वेगळे कागद केले म्हणून हे मला दिसलंच नव्हतं. लोकांवर चिडण्यात मी पटाईत होते, पण त्या सकाळी स्वतःच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं.

मग स्टूल ओढून शॉपमध्ये बसले. साडेनऊला एक नंबरचा जॉब बदलायचा होता. तिथल्या ऑपरेटरनं मान वळवून नुसतं काकांकडे पाहिलं. काकांनी आपलं मशीन बंद केलं, पाना उचलला आणि तिकडे गेले. दुसऱ्या मापाच्या गिअरसाठी ते मशीन त्यांनी नव्यानं लावून दिलं, पहिला पीस काढून तपासला आणि परत आले. चाळीस मिनिटं. वर ट्यूबलाईटी लखलखत होत्या. दुपारी दोन नंबरला तेच. शिफ्ट संपताना काकांनी माझ्याकडे पाठ करून रजिस्टर भरलं. ते बाजूला झाल्यावर मी वाचलं: लाईट गेली, चाळीस मिनिटे. लाईट गेली, पस्तीस मिनिटे.

"काका, हे काय?" माझा आवाज चढलाच.

काका इकडेतिकडे बघत हळू म्हणाले, "मशिनं लावून देनारा सेटर रिटायर झाला, त्याची जागा भरली न्हाई. ह्या दोघांना सेटिंग कुनी शिकवलंच न्हाई. मी तसं लिव्हलं तर ते कायम व्हतील का?"

"म्हणून लाईट?"

"लायटीला कुनी मेमो देत न्हाई, बाई."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. ज्या मशीनला मी सगळ्यात वाईट ठरवलं होतं ते थांबत होतं, म्हणून बाकीची दोन चालत होती. मी त्यांना सगळं सांगितलं. माझा रिपोर्ट, गुजरात, सोमवारचं पत्र. ते खाली स्टुलावर बसले. म्हणाले, "माझं काय व्हायचं ते हू द्या. त्या दोघांचं नाव मधी आनू नका."

शुक्रवारी मी साहेबांपुढे उभी राहिले. "सर, माझा रिपोर्ट चुकला."

"आकडा चुकला?"

"आकडा बरोबर आहे. पण तीन नंबर काढलं तर पहिल्याच जॉब बदलाला बाकीची दोन उभी राहतील. सेटरची जागा आपण भरली नाही सर. नव्या दोघांना शिकवलंही नाही आपण."

ती जागा भरायची नाही हे साहेबांनीच ठरवलं होतं, आणि ते आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. त्यांचा चेहरा लाल झाला. आता माझीच बदली होते असं वाटलं. पण ते उठले आणि सरळ शॉपमध्ये गेले. काकांनी त्यांनाही स्टूल पुसून दिलं. साहेब बसले नाहीत, पण जॉब बदलून होईपर्यंत तिथंच उभे राहिले.

पत्र निघालं नाही. काकांनी दोघांना रोज तासभर सेटिंग शिकवायचं, आणि मशीन ज्या कारणानं थांबेल तेच लिहायचं, मेमो कुणाला मिळणार नाही, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मला म्हणाले, "पुढच्या वेळी आधी खाली जा, मग टाईप करा." एरवी मी उलट बोलले असते. पण जीव असा भांड्यात पडला होता की मी नुसती मान डोलावली, आणि घरी जाताना लुनावर मोठमोठ्यानं गाणी म्हटली.

महिनाअखेरीला पुन्हा तीन नंबरचं रजिस्टर उघडलं. तेच ठसठशीत अक्षर. सेटिंग शिकवले, पन्नास मिनिटे. त्याखाली: बाई आल्या, चहा, दहा मिनिटे. चहा त्यांनीच आग्रहानं पाजला होता, तरी मी ती दहा मिनिटं वजा केली. त्याखाली आणखी एक ओळ होती. लाईट गेली, सव्वातीन ते पावणेचार.

मी एक नंबरचं रजिस्टर ओढलं, मग दोन नंबरचं. तारखेवर बोट ठेवून खाली आले. सव्वातीन ते पावणेचार. सगळ्यांची गेली होती.